सांबशिवरावांच्या खिशातली दुसरी सीडी

तंजावूरच्या विमा कचेरीत सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या सांबशिवरावांनी आयुष्यात कधी रांग मोडली नव्हती. टाउन बसचं तिकीट ते उतरल्यावरही घरापर्यंत जपून आणत. डॉक्टरांनी साखर बंद करा म्हटल्यावर त्यांनी ती खरोखरच बंद केली, याचं डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं. अशा माणसाला चिनी गुंडांची इतकी ओढ कशी लागली, हे राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतलं एक कोडं होतं.

ओढ गुंडांची नव्हती, गुंडांत लपलेल्या पोलिसाची होती. हाँगकाँगच्या त्या सिनेमांत बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. पोलिसातला एक तरणाबांड माणूस नाव बदलून टोळीत शिरतो. त्यांच्याबरोबर जेवतो, मारामाऱ्या करतो, त्यांच्या म्हाताऱ्या आयांना दवाखान्यात नेतो, आणि हळूहळू त्याला स्वतःलाच कळेनासं होतं की आपण नक्की कोण. खाली इंग्रजीत अक्षरं येतात, ती निम्मी चुकीची असतात. पण सांबशिवरावांना अक्षरांची गरजच नव्हती. त्यांना हा माणूस आतून ठाऊक होता.

कारण सरळ होतं. सकाळी दूधवाल्याशी तमिळ, उंबरठ्याच्या आत मराठी, कचेरीत इंग्रजी. कचेरीतले लोक त्यांना 'रायर' म्हणत, म्हणजे आपल्यातलेच, पण पूर्ण नव्हेत. मध्ये तीन वर्षं सोलापूरला बदली झाली, तेव्हा त्यांना वाटलं, आता तरी आपल्या माणसांत आलो. तिथे त्यांनी तोंड उघडलं आणि समोरच्या कारकुनानं कौतुकानं विचारलं की मद्राशी असून मराठी इतकं छान कुठे शिकलात. सांबशिवराव त्या दिवशी घरी येऊन बायकोला, भामाबाईंना म्हणाले होते की तंजावूरला पकडले गेलो नाही आणि इथे ओळखले गेलो नाही. भामाबाईंनी आधी हातपाय धुवायला सांगितलं.

सोलापूरचा एकच फायदा झाला. सांबशिवराव देवनागरी लिहायला-वाचायला शिकले. आमच्या गल्लीत ही फार दुर्मीळ विद्या. आम्ही तीनशे वर्षं मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहितो. आमची भजनंही तमिळ अक्षरांत, आणि रामापर्यंत ती व्यवस्थित पोचतात.

सिनेमांचा उगम समोरच्या घरात होता. तिथे शेषगिरीराव राहत, शाळेतून मुदतीआधीच निवृत्त झालेले गणिताचे मास्तर आणि सांबशिवरावांचे पाटीवरच्या मुळाक्षरांपासूनचे मित्र. बायको गेल्यापासून एकटे. मुलगा गिरीश सिंगापूरला, आणि एकोणीसशे सत्याण्णवच्या दिवाळीला त्यानं बाबांना एकटं वाटू नये म्हणून सीडी प्लेअर आणि खोकंभर सिनेमे पाठवले. भक्तीचे पाठवायचं मनात होतं म्हणे, पण दुकानात सवलत चिनी मालावर होती.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. जेवण उरकून सांबशिवराव समोर जात आणि दोघे पडदे ओढून बसत. यात मास्तरांनी एक शिस्त घातली होती. त्या काळी एक सिनेमा दोन सीडींवर मावे. मास्तरांचं म्हणणं, दोन्ही एकाच दिवशी पाहणं म्हणजे जेवायला बसून खीर आणि ताक एकाच घोटात पिणं. म्हणून पहिली सीडी या शनिवारी आणि दुसरी पुढच्या. मधल्या आठवड्यात मोह होऊ नये म्हणून दुसरी सीडी सांबशिवरावांच्या ताब्यात असायची. सांबशिवरावांकडे प्लेअर नाही, मास्तरांकडे सीडी नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात तसा कारभार.

पोंगलनंतरच्या शनिवारी त्यांनी एका नव्या सिनेमाची पहिली सीडी पाहिली. त्यातला पोलीस दहा वर्षं टोळीत. तो खरा कोण, हे एकाच साहेबाला ठाऊक. आणि तो साहेब एके दिवशी बायकामुलांसह कॅनडाला निघून जातो. कागद नाही, फाईल नाही, मागच्या माणसाला एक शब्द नाही. सांबशिवराव खुर्चीतून उठून उभे राहिले. चार्ज न देता बदलीवर जाणं हा त्यांच्या लेखी खुनापेक्षा वाईट गुन्हा. आपला माणूस पोलीस ठाण्याच्या दारात उभा आहे, आत त्याला ओळखणारं कोणी नाही, बाहेर टोळीचा म्होरक्या गाडीत वाट बघतोय, आणि इथे पहिली सीडी संपली.

दुसरी सांबशिवरावांच्या खिशात गेली. आणि मधल्या गुरुवारी आमचं मंडळ फुटलं.

आमचं मराठी मंडळ म्हणजे चौऱ्याऐंशी घरं, दर गुरुवारचं भजन आणि वर्षाची रामनवमी. अध्यक्ष वरुणराव, निवृत्त तहसीलदार. बसायची खुर्चीदेखील ते ताब्यात घेतल्यासारखी घेत. त्यांची धाकटी बहीण चंद्रमतीअक्का, निवृत्त हेडमिस्ट्रेस, हिंदीच्या सगळ्या परीक्षा पास. त्या गुरुवारी वरुणरावांनी जाहीर केलं की यंदा रामनवमीचं भजनाचं पुस्तक देवनागरीत छापायचं. मराठी माणसानं मराठी अक्षरात वाचलं पाहिजे. अक्कांनी विचारलं, वाचणार कोण? वरुणराव म्हणाले, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे. अक्का म्हणाल्या, स्वाभिमानाला चाल लावता येत नाही. पुढचं कोणालाच नीट आठवत नाही, पण अर्ध्या तासात गल्लीत एक मूळ मंडळ आणि एक नवं मंडळ तयार झालं होतं आणि सुंडलचं, म्हणजे प्रसादाच्या फोडणीच्या हरभऱ्यांचं, पातेलं दोघांच्या मध्ये तसंच पडून राहिलं होतं.

सांबशिवराव मूळ मंडळात गेले, कारण नोकरीच्या वेळी दाखल्यावर वरुणरावांनी सही दिली होती. शेषगिरीमास्तर नव्या मंडळात गेले, कारण अक्का बारा वर्षं त्यांच्या वरिष्ठ होत्या आणि अक्कांविरुद्ध वर करायचा हात मास्तरांच्या खांद्यातूनच उठत नसे. लिपीबद्दल दोघांनाही काही म्हणायचं नव्हतं. आणि दोन्ही बाजूंनी फर्मान निघालं की समोरच्या गोटाचा उंबरठा चढायचा नाही.

गल्लीची रुंदी नऊ फूट. सहा शनिवार सांबशिवराव जेवून आपल्या ओट्यावर बसले आणि समोरच्या ओट्यावर मास्तर बसले. दोघांनीही वर्तमानपत्रं धरली होती. मास्तरांचं एकदा कालचंच होतं. सीडी सांबशिवरावांच्या शर्टाच्या खिशातच राहिली. धुवायला टाकताना भामाबाई ती काढून ठेवत आणि इस्त्रीच्या शर्टात परत घालत. आपल्या माणसाचं ठाण्याच्या दारात पुढे काय झालं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. एकाकडे यंत्र होतं, दुसऱ्याकडे शेवट.

सातव्या आठवड्यात वरुणरावांनी मूळ मंडळाची गुप्त बैठक बोलावली. प्रश्न चिदंबरचा होता. तिरुवैयारूचा चिदंबर हा दोनशे पानांचा मराठी स्वयंपाक येणारा आता एकटाच आचारी उरला होता, आणि नव्या मंडळानं रामनवमीसाठी त्याला आधीच गाठलंय अशी कुणकुण होती. शत्रूच्या गोटात आपला माणूस पाहिजे, वरुणराव म्हणाले. कोण जाईल?

वाक्य संपायच्या आत सांबशिवरावांचा हात वर होता. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कुठल्याही कामाला आपणहून हात वर केल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे वरुणरावांना गहिवरून आलं. त्यांनी दर आठवड्याला लेखी अहवाल मागितला. आणि आपण देवनागरीचं मंडळ, तेव्हा अहवाल देवनागरीतच. शिवाय वाटेत पडला तर गल्लीत कोणाला वाचता यायचा नाही.

शनिवारी निघताना भामाबाईंनी डबा पुढे केला. सांबशिवराव कुजबुजले की हेरगिरीला जातोय, डबा कसा नेऊ.

"हेर काय उपाशी असतात होय?" भामाबाई म्हणाल्या. "वांगी भात आहे. शेषगिरीअण्णांना म्हणावं, दही वेगळं घातलंय."

मास्तरांनी दार उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा कोरड्या आवाजात काय काम काढलंत असं विचारलं. सांबशिवरावांनी तितक्याच कोरड्या आवाजात सांगितलं की तुमची सीडी राहिली होती, परत करायला आलोय. दार आतून लागलं. मास्तरांनी हात पुढे केला. सांबशिवरावांनी खिशावरचा हात काढला नाही.

"पहिली जरा विसरल्यासारखी झालीय," ते म्हणाले. "पुन्हा बघायला पाहिजे."

"मीही विसरलोय," मास्तर म्हणाले. सत्तेचाळीसचा पाढा झोपेत उलटा म्हणणारा माणूस.

पहिली सीडी पुन्हा झाली. संपल्यावर मास्तरांनी प्लेअर बंद केला. दुसरी लावली असती तर सिनेमा संपला असता, आणि सीडी परत करायला येण्याचं निमित्तही संपलं असतं. सांबशिवराव सीडी खिशात घेऊन परत आले. पुढच्या शनिवारी ती परत करायला पुन्हा गेले. खोक्यात बाकीचे सिनेमे होतेच.

तिसऱ्या शनिवारी एका सिनेमात दोन माणसं एकाच गच्चीवर उभी राहून एकमेकांकडे बघत होती, आणि मास्तरांनी घसा साफ केला. "सांबा, एक सांगायचंय. अक्कांनी मला तुझ्या पाळतीवर ठेवलंय. तू येतोस तर येऊ दे, बोलता बोलता काढून घे, असा हुकूम आहे."

सांबशिवरावांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "लेखी मागतात?"

"दर आठवड्याला."

"मलाही."

पुढचा तास मोठ्या समाधानात गेला. अडचण एवढीच की दोघांनाही लिहायला काही नव्हतं. चिदंबरचा विषय काढायचा दोघांनाही कंटाळा येई. पण अहवाल थांबला असता तर हेरगिरी थांबली असती, आणि हेरगिरी थांबली असती तर शनिवार गेला असता. कारकुनाला आणि मास्तराला कोरा कागद भरणं अवघड नसतं. दोघांनी सिनेमा लिहून काढला. नावं तेवढी गाळली.

इकडे वरुणरावांच्या कपाटात तीन अहवाल जमा झाले होते आणि त्यांतली एकही ओळ त्यांनी वाचली नव्हती. कारण वरुणरावांना देवनागरी येत नव्हती. मंडळात तीस वर्षं ही गोष्ट एकाच व्यक्तीला ठाऊक होती. दरवर्षी पुण्याच्या एका संस्थेचं शुभेच्छापत्र येई, ते घेऊन वरुणराव मागच्या दारानं बहिणीच्या स्वयंपाकघरात जात, तिच्याकडून दोनदा वाचून घेत, पाठ करत, आणि सभेत चष्मा लावून कागदाकडे बघत खणखणीत म्हणत. पान उलटायची जागादेखील ते अक्कांकडून विचारून घेत.

आता बहीण शत्रू. अहवाल हातात आला की वरुणराव त्यावरून नजर फिरवत, उत्तम, उत्तम, असंच चालू दे, म्हणत, आणि सांबशिवराव सुटल्याच्या आनंदात घरी जात. मग एके दिवशी तहसीलदारांनी प्रश्न पद्धतशीरपणे सोडवायचं ठरवलं. ते रेल्वे स्टेशनवर गेले. तिथे गावाचं नाव तीन लिप्यांत लिहिलेलं असतं. पाटीसमोर तासभर उभं राहून त्यांनी त, ज, व आणि र एवढी अक्षरं हस्तगत केली. घरी येऊन पाहिलं, तर अहवालात त पुष्कळ होते आणि र त्याहून पुष्कळ. चिदंबरबद्दल त्यावरून काही निघेना.

रामनवमीला दहा दिवस उरले, तेव्हा वरुणरावांनी ताज्या अहवालाचा वरचा मायना फाडला, खालची सही फाडली आणि शुक्रवारी दुपारी मागच्या दारानं बहिणीच्या स्वयंपाकघरात गेले. बडोद्याच्या मावसभावाचं पत्र आलंय, म्हणाले. जरा वाच. पोरींना परीक्षेसाठी धडे वाचून दाखवण्याची अक्कांना इतकी सवय की त्या अर्थाकडे लक्ष न देता वाचून जातील, असा त्यांचा हिशेब होता.

अक्कांनी कागद एकदा मनात वाचला. मग चष्म्यावरून भावाकडे बघितलं. सभेत त्या त्याला तुम्ही म्हणत, स्वयंपाकघरात तू.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "माझ्या कॉफीच्या पुडीत चिकोरी किती, हे तुला बडोद्याहून कळवतात?"

वरुणराव पिंपाकडे जाऊन पाणी प्यायले. अक्कांनी पुढचं मोठ्यानं वाचलं. शत्रूच्या घरी तीन तास बसलो. कॉफी पूड अक्कांकडून येते, चिकोरी आपल्यापेक्षा कमी. बातमी गंभीर आहे. एक माणूस दहा वर्षं भलत्या नावानं गोटात राहतो आहे. तो कोण हे ज्या साहेबाला ठाऊक होतं तो कॅनडाला गेला. पुढचं अजून हाती आलेलं नाही.

मग अक्कांनी डाळीच्या डब्यामागून आपला कागद काढला, शेषगिरीमास्तरांचा, तमिळ अक्षरांत. त्यातही एक माणूस होता. दहा वर्षं होती. साहेब कॅनडालाच गेला होता.

"कॅनडाला आपल्यातलं कोण गेलंय?" वरुणराव सगळं विसरून म्हणाले. दोघांनी चौऱ्याऐंशी घरं बोटांवर मोजली. मस्कतला दोन होते, सिंगापूरला गिरीश, अमेरिकेला अक्कांचाच भाचा. कॅनडा रिकामा होता. पण गोटात दहा वर्षं भलत्या नावानं राहणारा माणूस, आणि तोही दोन्ही बाजूंच्या हेरांनी स्वतंत्रपणे कळवलेला, ही बाब चिदंबरहून मोठी होती.

"उद्या शनिवार आहे," अक्का म्हणाल्या. "तुझा हेर आणि माझा हेर एकाच खोलीत सापडतील. तिथेच विचारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मास्तरांच्या मागच्या दारावर थाप पडली. सांबशिवराव आणि शेषगिरीमास्तर डब्यातला शेवटचा घास अर्धा अर्धा करत होते. दारात दोन्ही मंडळांचे अध्यक्ष शेजारी शेजारी उभे. दोघा अध्यक्षांना एकत्र बघून जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा दोघा हेरांना झाला नाही. सांबशिवरावांच्या मनात एवढंच आलं की संपलं. आता पुन्हा नऊ फुटांच्या दोन बाजूंना दोन वर्तमानपत्रं.

वरुणराव तहसीलदाराच्या आवाजात म्हणाले, "कॅनडाला कोण गेलं?"

सांबशिवरावांना खोटं बोलायची तीन आठवड्यांची सवय होती, पण ती लेखी. त्यांनी खिशातून सीडी काढली आणि सगळं सांगितलं. साहेब, फाईल, ठाण्याचं दार. वरुणराव ऐकता ऐकता खुर्चीवर टेकले. "चार्ज न देता गेला?" ते मध्येच म्हणाले, आणि सांबशिवरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. अखेर या जगात कोणीतरी त्यातला मुद्दा ओळखला होता.

"मग पुढे काय झालं त्याचं?"

"पुढचं या सीडीत आहे, अण्णा. आम्ही अजून बघितलं नाही."

"पोंगलपासून खिशात ठेवून?"

सांबशिवरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर डब्याचं झाकण लावत होते, ते बराच वेळ लागेना.

"बघितलं असतं," सांबशिवराव म्हणाले, "तर या घरी यायला कारण उरलं नसतं."

मग चंद्रमतीअक्कांनी पदर खोचला आणि सगळ्यांत पुढची खुर्ची घेतली. "शेषगिरी, पहिल्यापासून लाव. मधून मला काही कळत नाही. आणि कॉफी टाक, चिकोरी बघून."

त्या दिवशी शिस्त मोडून दोन्ही सीडी एका बैठकीत झाल्या. खालची इंग्रजी अक्षरं वरुणराव मोठ्यानं वाचत होते, कोर्टात अर्ज वाचावा तशी, चुकांसकट. अक्का दर दहा मिनिटांनी विचारत, हा आता कोणाच्या बाजूचा, आणि सांबशिवराव नम्रपणे सांगत की ते अजून त्यालाही कळलेलं नाही, अक्का. शेवटी आपल्या माणसाला ठाण्यात कोणीच ओळखेना, तेव्हा टोळीचा म्होरक्या गाडीतून उतरतो, आत जातो आणि पोलिसांना सांगतो की हा तुमचा आहे. मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे. संध्याकाळी माझ्याबरोबर सोंगट्या खेळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बोललो नाही.

वरुणराव भडकले. ठाऊक होतं तर इतकी वर्षं गप्प कसा बसला? हा काय म्होरक्या झाला?

"माणूस गप्प बसतो, अण्णा," अक्का पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तीस तीस वर्षंही बसतो."

वरुणरावांनी कॉफीच्या पेल्यात खोलवर पाहिलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली. पडद्यावर तेव्हा फक्त नावं येत होती, तीही चिनीत.

मंडळं काही लगेच एक झाली नाहीत. स्वाभिमानाला तेवढा वेळ द्यावा लागतो. मूळ मंडळानं नवमीला जेवण घातलं, नव्यानं दशमीला. चिदंबरनं दोघांनाही होकार देऊन ठेवला होता आणि दोन्हीकडे त्यानंच रांधलं. चौऱ्याऐंशी घरं दोन्हीकडे जेवली. भजनं तमिळ अक्षरांतल्या जुन्या पुस्तकांवरूनच झाली, कारण देवनागरीच्या मसुद्याची तपासणी अध्यक्षांच्या टेबलावर अडकली होती.

पण दर शनिवारी अडीच वाजता मास्तरांच्या घराचे पडदे ओढले जात. दोघे पुढच्या दारानं येत आणि दोघे मागच्या. मागच्या दारानं येणारे आपल्या चपला हातात घेऊन आत येत, म्हणजे बाहेर कोणाला दिसू नयेत. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे समोरून जाताना आकाशाकडे बघत जात.

दशमीच्या जेवणानंतर वरुणरावांनी सांबशिवरावांना बाजूला घेतलं. हेरगिरी थांबवायची नाही, म्हणाले, शत्रू अजून सावध आहे. अहवाल दर आठवड्याला पाहिजेच. मग ते जरा घुटमळले.

"एक कर. पुढचे अहवाल तमिळ अक्षरांत लिही. शत्रूच्या हाती लागला तर पंचाईत, देवनागरी चंद्रमतीला वाचता येते."

सांबशिवरावांना तोवर इकडचंतिकडचं जुळवून सगळं कळलेलं होतं. फाटलेला मायना, स्टेशनवरची पाटी, मागचं दार, सगळं. पण चिनी सिनेमांनी त्यांना काही शिकवलं असेल तर ते हेच. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"मोठ्या धोक्यातून वाचवलंत, अण्णा," ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं."